झोपूनच हाय न्हवं?

आमच्या सहकारी सूतगिरणीचे तपासनीस आजारी कामगारांच्या घरी सायकलवरून यायचे. दुष्काळात दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. कुठंही पाणी प्यायचे नाहीत. दारात दोनदा घंटी वाजवायचे आणि प्रश्नही दोनदा विचारायचे, "झोपूनच हाय न्हवं? झोपूनच?"

हर्नियाचं ऑपरेशन करून मला त्याच संध्याकाळी घरी पाठवलेलं. दवाखान्यात एक रात्रही न काढलेला माणूस आजारी कसला, असं गिरणीत सगळे म्हणत. उठलेला दिसलो की आजारपणाचा पगार बंद.

बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. दुपारी टँकर आला. उठल्याशिवाय भागणार कसं? एक हात पोटाच्या टाक्यांवर दाबून, भरली घागर खांद्यावर घेऊन वळलो, तर समोर तेच तपासनीस.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, घागर माझ्या खांद्यावरनं उतरवून आत नेऊन ठेवली.

"झोपा," म्हणाले, "झोपा."

ते बाहेर गेले. मी पांघरूण ओढलं. दोनदा घंटी वाजली.

"झोपूनच हाय न्हवं? झोपूनच?"

"व्हय साहेब," मी म्हणालो.

घागरीतलं पाणी अजून हलत होतं.