मागवाल्यांची मोटार

शेठच्या दारात ती छोटी पांढरी गाडी येऊन उभी राहिली तेव्हा मी त्यांच्या चोवीस मागांच्या कारखान्यात मिस्त्री होतो. माग बंद पडला की तो उघडायचा, घासलेला भाग बदलायचा आणि पुन्हा चालू करून द्यायचा, हे माझं काम. मोटारीशी माझा संबंध एवढाच, की शेठची जुनी, जाडजूड गाडी थंडीत सुरू व्हायची नाही आणि तिला धक्का मारायला कारखान्यातून चारजणांना बोलावणं यायचं. त्या चारांत मी असायचोच.

शेठ कोकणी मुसलमान. भिवंडीत त्यांच्या आजोबांपासून माग होते. घरात ते त्यांच्या कोकणीत बोलत, कारागिरांशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत. मी जवळच्याच दिघाशी गावचा. आमच्या बौद्धवाड्यातून माझे वडील आधी भिवंडीत कामाला आले, मग त्यांच्या मागे मी. शेठ मला नावाने कधी हाक मारत नसत, 'मिस्त्री' म्हणत. त्यांचं बघून सगळा मोहल्ला मला मिस्त्रीच म्हणू लागला.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. जपानी कंपनीच्या मदतीने आपल्याकडे नवी छोटी मोटार बनू लागली होती. तिच्यासाठी आधी नाव नोंदवायचं आणि मग नंबर कधी लागतो त्याची वाट बघायची. शेठच्या मेव्हण्याने आखातात दहा वर्षं गाडी चालवली होती. जपानी गाडी वाळवंटातल्या उन्हातही रस्त्यात सोडून देत नाही, असं त्याने पत्रांतून इतक्यांदा लिहिलं होतं, की शेठनी नाव नोंदवलं. नंबर लागला तेव्हा ते स्वतःही विसरून गेले होते.

गाडी बघायला सगळी गल्ली लोटली. कुणी बॉनेटवर बोटाने टकटक करून बघितलं आणि पत्रा पातळ आहे म्हणाला. कुणी म्हणाला, कशेळीच्या पुलावर ट्रकचा वारा लागला तरी ही खाडीत जाईल. पुढे एकदा शेठ मला त्याच गाडीतून दिघाशीला सोडायला आले, तेव्हा माझ्या आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढीशी हाय, चढ चढल का न्हाय?" शेठनी ते ऐकलं. तिला मागच्या सीटवर बसवून त्यांनी गावाबाहेरच्या टेकाडावर नेऊन आणलं. आई उतरली तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होती. चढाचं पुन्हा तिने कधी काढलं नाही.

आम्हा चौघांना मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट कळली होती. सकाळी शेठ किल्ली फिरवत आणि गाडी निघून जाई. धक्का मारायला आम्हाला कुणी बोलवेना.

सात-आठ महिन्यांनी गाडीने ओढ सोडली. चढावर दम लागल्यासारखी करायची. शहरातले गॅरेजवाले जुन्या गाड्यांवर हात बसलेले. एक जण म्हणाला, कार्बोरेटर उतरवावा लागेल, दुसरा म्हणाला, इंजिनच उघडू. शेठ घाबरले. त्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, शेठ, मला मोटारीतलं काही कळत नाही. ते म्हणाले, "कळत नाही म्हणूनच तू आधी बघशील. त्यांना सगळं कळतं, ते आधी हातोडा काढतात."

मी बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत बसलो. माग बंद पडला की मी हेच करायचो. कुठली वस्तू कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, तेवढं आधी शोधायचं. वारा आत घेणारं एक काळं डबडं दिसलं. त्याच्या क्लिपा काढल्या. आतल्या कागदी जाळीवर बोटभर जाड पांढरी गादी जमली होती. रुई. गाडी रोज कारखान्याच्या भिंतीला लागून उभी असायची, आणि आमच्या कारखान्यातल्या हवेत श्वासागणिक सूत असतं. माणसं खोकून ते बाहेर काढतात, गाडीला खोकता येत नव्हतं. मी ती गादी सोलून काढली, जाळी झटकली, परत बसवली. शेठ ठाण्याच्या रस्त्यावरच्या पूर्णा गावापर्यंत एक चक्कर मारून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात आलं, की मिस्त्रीला हे काम रीतसर शिकवावं. त्यांनी ज्या डीलरकडून गाडी घेतली होती, त्याच्या मुंबईतल्या वर्कशॉपमध्ये बाहेरच्या मेकॅनिक लोकांसाठी आठ दिवसांचा वर्ग होता. शेठनी शब्द टाकून माझी सोय केली.

वर्गात आम्ही वीसएक जण होतो, सगळे गॅरेजमध्ये वाढलेले. शिकवायला एक जपानी साहेब आला होता, साठीच्या आसपासचा, बुटका, आणि सोबत दुभाष्या. साहेबाच्या अंगात झाडूवाल्याच्या अंगात असायचा तोच राखाडी ड्रेस. पहिल्याच दिवशी शिकवून झाल्यावर त्याने स्वतः फरशीवरचं तेल पुसलं. आम्ही उभे राहून बघत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने फडक्याला हात घालायच्या आत आम्ही वीसजण खाली बसून पुसत होतो.

तिसऱ्या दिवशी त्याने प्रत्येकाला विचारलं, आधी काय काम करत होता. एकेक जण सांगत गेला, ट्रक, टॅक्सी, स्कूटर. माझी पाळी आली. मी म्हटलं, माग. भिवंडीत पॉवरलूमवर मिस्त्री आहे. मागच्या बाकावर दोघं हसले. दुभाष्याने सांगितलं, आणि साहेब हातातला पाना टेबलावर ठेवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कुठले माग, किती जुने, ताण्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबतो का? मी सांगितलं, आमचे माग मिलमधून निघालेले, जुने. आपोआप काही होत नाही. कारागिराची नजर जाते तेव्हा थांबतो.

मग त्या दिवशी इंजिन बाजूला राहिलं. साहेब दुभाष्यातर्फे कंपनीची हकीकत सांगत गेला. कंपनी काढणारा माणूस कापूस पिकवणाऱ्या घरातला, सुतारकाम शिकलेला. आई हातमागावर विणायची, तिचे कष्ट बघून त्याने तिच्यासाठी लाकडाचा एक माग बनवला. तो शेजारपाजारच्यांना आवडला, आणि त्यातून कारखाना उभा राहिला. कितीतरी वर्षं तिथे फक्त मागच बनले. चौकड्यांचं कापड विणणारे माग, ज्यांवरची लुंगी समुद्रापलीकडे जायची. युद्ध संपल्यावर कापडाचा धंदा बसला तेव्हा कंपनीने सायकलला इंजिन लावून बघितलं, मग मोटारसायकल, आणि मग छोटी मोटार. साहेब स्वतः मिसरूड फुटायच्या वयात मागाच्या खात्यात लागला होता. मोटारीचं काम तो पुढे शिकला, माझ्यासारखाच.

मागच्या बाकावरचे दोघं आता पुढे वाकून ऐकत होते. मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. भिवंडीबाहेर कुठे काम सांगितलं, की लोक म्हणत, अच्छा, पॉवरलूम, आणि विषय बदलत. आणि इथे सगळ्या देशाने ज्या गाडीसाठी नाव नोंदवून वाट बघावी, ती गाडी आमच्याच धंद्यातून निघाली होती.

शेवटच्या दिवशी शेठ मला न्यायला आले. बसने येतो म्हटलं तरी ऐकलं नाही. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी घाटकोपरच्या पुढून गाडी परत वळवली. वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी साहेबाचे दोन्ही हात हातात घेतले आणि रविवारी जेवायला यायचं आमंत्रण दिलं. रविवारी साहेबाला सुट्टी, आणि आमचे कारखाने बंद असतात ते शुक्रवारी, म्हणजे रविवारी त्याला माग चालू दिसले असते. साहेबाने दुभाष्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवली.

रविवारी तो आला तेव्हा कारखान्याच्या दाराशी बूट काढू लागला. शेठ नको नको म्हणत होते, पण त्याने काढलेच. आत चोवीस माग चालू. त्या आवाजात दुभाष्या पाच मिनिटं टिकला आणि कान धरून बाहेर गेला. त्याचा उपयोगही नव्हता. कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, आम्ही सगळे जन्मभर हातांनी बोलत आलोय.

साहेब एकेका मागापाशी थांबत चालला होता. अकरा नंबरपाशी त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्या मागाचा धोटा, आडवा धागा नेणारा, दोन दिवसांपासून एका बाजूला जरा उशिरा पोचत होता. मला त्याच्या ठोक्यातला फरक ऐकू येत होता, कारागिराला अजून आला नव्हता. साहेबाने लाकडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग पाना मागितला. मी बेल्ट सोडून माग थांबवला, तो खाली वाकला. धोटा फेकणाऱ्या दांड्याचा चामडी पट्टा सैल झाला होता, त्याने बोटाने दाखवला. मी नवा कापून दिला. त्याने बसवला, मी आवळला, त्याने अंगठ्याने थोडा सोड म्हणून खूण केली, मी सोडला. अर्धा तास आम्ही असे शेजारी उकिडवे बसून काम केलं.

माग सुरू केला तेव्हा एक धागा तुटला. साहेबाने तो एका हाताने, बोटांतल्या बोटांत, गाठ मारून जोडला. आझमगढकडचा म्हातारा कारागीर बाजूला उभा होता. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मिस्त्री, ये साहब तो अपना बुनकर निकला।"

दुपारी शेठच्या घरी त्यांच्या बायकोने, आमच्या भाभींनी, तांदळाच्या भाकरी, मटण आणि वाफवलेली सांदणं केली होती. साहेबाने सांदणं चार खाल्ली. निघताना त्याने दुभाष्याला काहीतरी सांगितलं. दुभाष्या म्हणाला, साहेब म्हणतात, मशीन एवढी वर्षं चालतं ते बनवणाऱ्यामुळे थोडं आणि सांभाळणाऱ्यामुळे जास्त. शेठनी हे वाक्य पुढे भेटेल त्याला ऐकवलं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवलं.

दोन-तीन वर्षांनी त्यांनीच मला कारखान्यातून जा म्हणून सांगितलं. मी दुखावलो. ते म्हणाले, "मागाला मिस्त्री मिळतील. या गाड्यांना इथं कोण आहे?" पूर्णेच्या रस्त्यावर मी पत्र्याची शेड घातली. तेव्हा तिथे गोदामं आजच्यासारखी नव्हती, शेतं होती. नव्वदच्या दशकात गाड्या वाढत गेल्या. एका डॉक्टरीण बाईंची गाडी होती, त्या बाळंतपणाला खेड्यापाड्यांत जात. एकदा रस्ता नाही अशा ठिकाणी चिखलात रुतली, तर चार बायकांनी उचलून-ढकलून बाहेर काढली. वजन कमी ते किती बरं, म्हणाल्या. एक शाळामास्तर दर दिवाळीला गाडी आणून फक्त विचारायचे, हिला काही होत का नाही? मी म्हणायचो, होईल तेव्हा सांगेन. जो येई त्याला मी आधी वारा घेणारं ते काळं डबडं, एअर क्लीनर, दाखवायचो. भिवंडीत गाडी ठेवायची तर रुई झटकायला शिका.

मग शेठच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याची नजर परत आली नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. मुलं आखातात. ड्रायव्हर ठेवला, तो टिकला नाही. एका सकाळी शेठना रिक्षात घेऊन भाभी माझ्या शेडवर आल्या. पन्नाशीला आलेल्या, कारखान्याच्या दारापलीकडे एकट्या क्वचित गेलेल्या. मला गाडी शिकव, म्हणाल्या.

मी शेठकडे बघितलं. ते रिक्षातच बसले होते, हसत होते. भाभींच्या जावा-नणंदा आधीच नावं ठेवून गेल्या होत्या, ते शेठनी मला नंतर सांगितलं. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, की ज्या माणसाने पहिला माग आईसाठी बनवला, त्याच्या कंपनीची गाडी बाईने चालवली तर त्यात नवल काय.

शुक्रवारी सकाळी, कारखाने शांत असताना, आम्ही मोकळ्या मैदानात जायचो. पहिले दोन शुक्रवार त्यांचा पाय क्लचवरून सुटायचा आणि गाडी सशासारखी उडी मारून बंद पडायची. तिसऱ्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, शिलाईच्या मशीनवरचा पाय कसा हळू सोडतात तसा सोडू का? मी म्हटलं, तसाच. त्यानंतर गाडी बंद पडली नाही. पावसाळ्याआधी त्यांनी लायसन्स काढलं.

पहिल्यांदा ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो तेव्हा मी मागे बसलो होतो, धीर म्हणून. शेठ पुढे, काळा चष्मा लावून. भाभींनी ओढणी मागे घट्ट खोचली होती. कशेळीला नेहमीसारखे ट्रक अडकले होते. डावीकडे एक कंटेनर, मागून हॉर्न, आणि बाजूच्या ट्रकचा क्लीनर खिडकीतून वाकून वाकून बघत होता, गाडी बाई चालवतेय म्हणून. भाभी पहिल्या गिअरवर एकेक वीत पुढे सरकत होत्या, घाई नाही, गडबड नाही. पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली.

मला वाटलं, दमल्या. मी म्हटलं, भाभी, मी घेऊ का?

"नको," त्या म्हणाल्या. "तू इथं उतर. शेडवर गिऱ्हाईक थांबलं असेल तुझं. आम्ही जाऊ."

मी शेठकडे बघितलं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडायला मागे हात केला. मी उतरलो. पांढरी गाडी ट्रकांच्या मधून हळूहळू पुलावर चढली, आणि पलीकडे उतरेपर्यंत मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मग भिवंडीकडे जाणाऱ्या रिक्षाला हात केला.