पावडरीआधीचा वास

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे ‘नाकवाली’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिचं काम होतं वास घेण्याचं. ऐकणाऱ्याला वाटे, काय सुखाची नोकरी आहे, दिवसभर फुलं हुंगत बसायचं! कसली फुलं आणि कसलं काय. साबणात सुगंध पडतो तो अगदी शेवटी, आणि तो कोणीही टाकेल. नाकवालीच्या टेबलावर यायची ती त्याआधीची तेलं आणि चरबी: खवट, कुबट, आंबलेली, पिंपात उंदीर मरून पडला असावा अशी. झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि चांगलं की वाईट ते सांगायचं. ती वाईट म्हणाली की अख्खं पिंप परत जायचं, मग मॅनेजर कपाळावर कितीही आठ्या घालो.

एका नमुन्यावरून दुसऱ्यावर जाताना नाक साफ करावं लागतं आणि ते काही पाण्याने साफ होत नाही. त्यासाठी ती कोपर दुमडायची, हाताच्या खळगीत नाक खुपसायची आणि आपल्याच कातडीवर श्वास घ्यायची. आपला वास आपल्याला येत नाही, त्यामुळे नाकाला तिथे जरा टेकायला मिळतं. तिच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या बाईने तिला हे शिकवलं होतं. म्हणून ती पावडर लावत नसे, अत्तर लावत नसे, डोक्याला तेलसुद्धा बिनवासाचं. साबणाच्या कारखान्यातली बाई आणि अंघोळीला नुसतं पाणी, यावर पॅकिंगमधल्या बायका खिदळायच्या. खिदळोत बापड्या.

असं नाक घेऊन संसार करणं म्हणजे रोजची शिक्षा. ओट्यावरचं ओलं फडकं, बसमध्ये वर केलेले लोकांचे हात, सासूबाईंचं गुडघ्याला चोळायचं मलम. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नवऱ्याचा सेंट. नवरा बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायचा आणि चारचौघांत आपण कसे दिसतो याची त्याला भारी काळजी. शर्टाला कडक इस्त्री, केसांचा रेघ मारल्यासारखा भांग, आणि घरातून निघताना काखेत, मानेवर, मनगटावर फसफस. लोक काय म्हणतील, या एका प्रश्नावर त्या माणसाचं सगळं आयुष्य उभं होतं.

पहिल्या बाळंतपणात त्याने तेच केलं. ती आत ओरडत होती, आणि ओरडण्यासारखंच होतं. तो दाराशी येऊन सिस्टरला म्हणाला, “हिला काहीतरी द्या हो. सगळं बाहेर ऐकू जातंय.” सिस्टरने लगेच सुई टोचली. तिची जीभ जड झाली, छत हलायला लागलं, आणि पुढचं काही तिच्या वाट्याला आलंच नाही. ती नीट भानावर आली तोवर लेकीला धुऊन, पुसून, तेल चोळून, पावडरीत लोळवून सगळ्यांच्या हातांतून फिरवून झालं होतं. तिने मुलगी छातीशी धरली, टाळूला नाक लावलं, तर वास आला पावडरीचा. उग्र आणि गोडमिट्ट. कानामागे हुंगलं, मानेच्या वळीत हुंगलं, तळपायाला हुंगलं. पावडरच. पोटच्या पोरीला पहिल्यांदा जवळ घेतल्यावर तिला जे वाटलं ती किळस होती, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती.

लेक पुढे तिच्या काळजाचा तुकडा झाली, त्यात काही वाद नाही. पण जन्मल्या जन्मल्या अंगाला जो वास असतो तो एकदाच येतो आणि पहिल्या अंघोळीबरोबर मोरीत जातो. तो कसा होता हे तिला कधीच कळणार नव्हतं. आणि सासूबाई ही हकिकत पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायच्या. माझा मुलगा म्हणजे लोणी, त्याला हिचा आरडाओरडा सहन होईना, बिचाऱ्याने जाऊन सिस्टरलाच सांगितलं. पाहुणे हसायचे. तोही हसायचा. तेव्हापासून त्याच्या सेंटचा भपकारा आला की ती खोलीतून उठून जायची.

लेक पाच वर्षांची होत आली आणि नाकवालीला पुन्हा दिवस गेले. तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं, या वेळी सुई घ्यायची नाही. मुलगा होवो की मुलगी होवो, आपण जागं राहायचं, आणि बाळाला कोणी ओला कपडा लावायच्या आत आपण त्याला हुंगायचं. एवढंच मागणं होतं तिचं.

कोणीतरी सांगितलं की एक रिटायर्ड सिस्टर रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात गरोदर बायकांना श्वासाचे धडे देतात. ती गेली. जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. बाईंचा आवाज पाकात घोळल्यासारखा. त्या म्हणाल्या, डोळे मिटा, समोर एक फूल आहे असं समजा आणि नाकाने खोल श्वास घ्या. नाकवालीने डोळे मिटले, खोल श्वास घेतला, आणि त्या गादीवर आजवर टेकलेले सगळे पाय तिच्या नाकात शिरले. ती उठून बसली आणि म्हणाली, मला जमणार नाही, इथे मोज्यांचा वास येतोय. बाकीच्या बायकांनी आपापले पाय आत घेतले.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “घेताना त्रास होतो ना तुला? मग घेण्याकडे बघूच नकोस. सोडण्याकडे बघ. तोंडाने सावकाश सोड, सोडता येईल तितका लांब. खांदे सैल, जबडा सैल. घेणं आपोआप होतं.” त्या पाकातल्या आवाजातून इतकी कामाची गोष्ट निघेल असं तिला वाटलं नव्हतं. घरी जाताना बसमध्ये तिने करून पाहिलं. आत येणारा श्वास जगाची सगळी घाण घेऊन येतो, पण बाहेर जाणाऱ्याला वास नसतो. इतकी वर्षं नाकावर पोट भरून हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिने आपली पद्धत बसवली. कोपराच्या खळगीत नाक घालून छोटासा श्वास घ्यायचा, आणि तोंडाने लांबलचक सोडून द्यायचा. भांडी घासताना, बसच्या रांगेत, आणि सासूबाईंनी मलमाची डबी उघडली की हमखास.

नवऱ्याला तिने एकदाच बजावलं. “या वेळी सुईचा शब्द तोंडातून काढायचा नाही. मी कितीही ओरडले तरी.” तो म्हणाला की तेव्हाही मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं. त्यावर तिने जे तोंड केलं ते पाहून तो त्या दिवशी डेपोत अर्धा तास आधीच गेला.

कळा सकाळी कारखान्यातच सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या चांगल्या जोरात होत्या. प्रसूतीची खोली म्हणजे नाकावर घातलेला घाला. फिनेल, त्याच्याखाली न निघालेलं रक्त, रेक्झिनच्या गादीत मुरलेला दहा जणींचा घाम, आणि पडद्यापलीकडे कोणीतरी ओकत होतं. सोबतीला एका माणसाला आत यायची परवानगी होती. सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, नाकाला पदर लावला आणि मुलाला आत ढकललं. तो डेपोतून तसाच धावत आला होता. शर्ट बाहेर, भांग मोडलेला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कळ आली की पोट दगडासारखं आवळायचं. ती कुशीवर वळायची, खळगीत नाक घालायची, इवलासा श्वास घ्यायची आणि सोडत राहायची. सोडता सोडता कळेचा जोर सरायचा. दुखायचं, भरपूर दुखायचं, पण ते दुखणं तिच्यावर येऊन बसत नव्हतं, शेजारून जात होतं. मधल्या वेळात ती चक्क डुलकी काढत होती. सिस्टर दोनदा विचारून गेली, देऊ का इंजेक्शन? तिने मानेनेच नको म्हटलं. दुपारपर्यंत असं छान चाललं, आणि तिला वाटायला लागलं की आपण जिंकलो.

मग सिस्टर आली ती रक्त काढायला आणि सलाईन लावायला. चटपटीत पोरगी. दोन्ही हात पाहिले, दोन्ही खळग्या स्पिरिटच्या बोळ्याने घसाघसा पुसल्या, एकीतून रक्त काढलं, दुसरीत सुई बसवून चिकटपट्टी लावली आणि गेली. पुढची कळ आली. नाकवालीने सवयीने नाक खाली नेलं आणि स्पिरिटची झणझणीत थप्पड बसली. दुसऱ्या हाताकडे वळली, तिथे स्पिरिट आणि वर चिकटपट्टीचा डिंक. नाकाला टेकायला जागाच उरली नाही. श्वास अडकला, मग एकदम मोठा आत गेला, आणि त्याबरोबर ती अख्खी खोली आत गेली, फिनेल, रक्त, ओकारी, सगळं. ती ओरडली. पाच वर्षांपूर्वी ओरडली होती तशीच.

सिस्टर ट्रे घेऊन तयारच होती. तिने नाकवालीला न विचारता नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आधी दाराकडे पाहिलं, बाहेर लोक बसले होते. त्याने तोंड उघडलं. नाकवालीने ते उघडलेलं तोंड पाहिलं आणि तिला वाटलं, झालं, संपलं. पण त्याने तोंड मिटलं आणि सिस्टरला मानेनेच नको म्हटलं.

पुढची कळ यायच्या आत तिने हाताला लागलं ते धरलं. तो त्याचा दंड होता. तिने तो खेचून कोपराच्या खळगीत नाक घातलं. सेंट कधीच उडून गेला होता. खाली घाम होता, आणि तो घाम उन्हाचा की कामाचा एवढं तिला न सांगता कळत होतं. हा दोन्हींतला नव्हता. आंबट, गार, ताक फाटल्यासारखा, घाबरलेल्या माणसाचा. आणि तिला एकदम ओळख पटली. त्या पहिल्या वेळीसुद्धा दारातून हाच वास आत आला होता, सुई टोचायच्या आधी. तो लोकांना लाजला नव्हता. भीतीने त्याची गाळण उडाली होती, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्याने लोकांचं नाव पुढे केलं होतं. वर पाच वर्षं पाहुण्यांत हसला होता. भित्रट मेला. तिला त्याची शिसारी आली. पण सेंटच्या खालचा हा माणूस तिला रोजचा होता, आणि रोजच्या वासावर नाक फार काळ अडत नाही. तिने श्वास घेतला, आणि लांब सोडला. तो वाकून तसाच उभा राहिला, पाठ भरून आली तरी हलला नाही.

ऊन भिंतीवरून उतरायच्या आत बाळ झालं. मुलगा. गुंगीची सुई नाही, शेवटचा जोरसुद्धा तिने जागेपणी लावला. त्याला तिच्या छातीवर ठेवलं, ओला, चिकट, पांढुरक्या लेपाने माखलेला. वॉर्डातल्या मावशी पंचा आणि पावडरीचा डबा घेऊन पुढे आल्या.

“हात लावू नका,” ती म्हणाली. मावशींनी डबा खाली ठेवला.

तिने टाळूला नाक लावलं. ओलं लोखंड. त्याखाली साय नासल्यासारखा आंबूसपणा, आणि त्याखाली काहीतरी उबट, ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता. कारखान्यात असं पिंप आलं असतं तर तिने आल्या पावली परत पाठवलं असतं. ती हुंगत राहिली. मावशी कंटाळून निघून गेल्या तरी हुंगत राहिली.

दिवेलागणीला सासूबाई लेकीला घेऊन आल्या. आल्या आल्या सुरू झाल्या, काय गुणाची सून, गुंगीची सुई लागली नाही, माझ्या मुलाने कसा हात धरून ठेवला. नवरा खाली मान घालून स्टुलावर बसला होता. लेक पलंगावर चढली, भावाजवळ वाकली, आईसारखंच नाक खाली नेलं आणि झटकन मागे झाली.

“शी. घाण वास येतोय याला.”

सासूबाई हसल्या. लेक हसली नाही. पुन्हा वाकली, या वेळी नीट, सावकाश हुंगलं आणि आईकडे पाहिलं.

“आई, माझा पण असाच येत होता?”

पिंप न उघडता तिने आयुष्यात कधी निकाल दिला नव्हता, मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहिला तरी. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

“हो,” ती म्हणाली, “अगदी असाच.”

लेकीचं समाधान झालं. ती भावाच्या कुशीला लागून आडवी झाली. नवरा पाणी घेऊन येतो म्हणून उठला आणि भरलेली बाटली घेऊनच बाहेर गेला.