ताईच्या गाडीचं डावं चाक

…तर ज्योतिषी गाडीखालून बाहेर आला, तोंड एवढंसं करून म्हणाला, "पुन्हा तेच चाक!" इथवर काल गोष्ट आली होती आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना जांभया सुटल्या.

ज्योतिषी म्हणजे गाड्यांचा मिस्त्री. ग्रहताऱ्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण टायरवरून तळहात फिरवला की मालकाचं वागणं घडाघडा सांगायचा. दोन्ही कडा झिजलेल्या असल्या की, "हवा भरायचा कंटाळा करता!" मधला पट्टा गुळगुळीत असला की, "गाडी आहे का फुगा?" एका वकिलाला तर तोंडावर म्हणाला होता, "वळणावर ब्रेक मारता. बायको पुढे बसत नसेल तुमच्या." वकिलाची बायको मागच्या सीटवर पोट धरून हसली.

अशा माणसाला सख्ख्या थोरल्या बहिणीच्या गाडीने घाम फोडला होता. गाडी दाजींची. दाजी गेले आणि ताईने, शेजारच्या सीटवरून जन्मभर जे पाहिलं होतं त्या भांडवलावर, स्टिअरिंग हातात घेतलं. आता पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार बोडकी, बाहेरची मात्र कोरी करकरीत. शिवाय मधूनच पुढून आवाज, कट्ट! ज्योतिषाने बॉल जॉइंट बदलला, शॉकअपवरचं रबर बदललं, अलाइनमेंट केलं. गॅरेजात गाडी शहाण्या मुलासारखी गप्प. ताईच्या घरी गेली की पुन्हा कट्ट.

भाचा वैतागला होता. "मामा, पुरे आता. उद्या भंगारवाला येतोय. आई रस्त्यात कुठे अडकली तर?"

त्याचंही चुकत नव्हतं. ताई रुमालाने पुढची काच पुसत राहिली, स्वच्छ होती तरी.

ज्योतिषाची एक रीत होती. गाडी मालकाने चालवायची, आपण मागे डोळे मिटून ऐकायचं. पण थोरल्या बहिणीला गाडी हाकायला लावून आपण मागे साहेबासारखं बसायचं, हे काही त्याला जमेना. दर वेळी "ताई, तू बस निवांत," म्हणून किल्ली स्वतःच घ्यायचा. गडी फसला तो इथे.

आज मात्र ताईने किल्ली दिली नाही. "शेवटचीच खेप आहे. घरापर्यंत मी नेते. बस मागे, बारक्या."

बारक्या बसला. ताईने बेकरी मागे टाकली, शिंप्याचं दुकान मागे टाकलं, खड्डा असा चुकवला की सीटवर चहाचा कप ठेवला असता तरी सांडला नसता. मग अरुंद गल्ली आली, घर आलं, आणि ताईने न थांबता डावं चाक दारापुढच्या दगडी पायरीवर चढवलं. कट्ट!

"ताई! हे काय?"

"काय म्हणजे? गाडी लावली."

"पायरीवर?"

"हे अशीच लावायचे. माझे गुडघे दुखतात ना, दार उघडलं की पाय थेट पायरीवर." मग हळूच म्हणाली, "आता तिकडून कुणी उतरत नाही म्हणा."

ज्योतिषी धुतल्या शर्टानिशी गल्लीत आडवा झाला. "उतरव. हां, आता पुन्हा चढव!" गॅरेजात उचललेल्या गाडीखाली चाक लोंबत असताना सांध्यातला जो रबरी बुश धडधाकट दिसायचा, त्याने वजन येताच आ वासला. रबर अर्ध्यावर फाटलेलं. चाकाला धरून ठेवणारा आर्म मागे सरकत होता आणि चाक तिरकं होत होतं. रोज दगडाचा दणका, म्हणून फाटलं रबर. ब्रेक लागला की चाक तिरकं, म्हणून झिजली आतली कड.

तिथेच पडल्या पडल्या त्याला हसू फुटलं. पूर्वी याच पायरीवर बसून तो या दोघांची वाट बघायचा, आणि नेमकं तेच विसरला होता. दाजी मुद्दाम हॉर्न न देता यायचे, हा पाय वर घेऊन उडी मारायचा, आणि ताई भाजीच्या पिशव्या सावरत महाराणीसारखी उतरायची.

"भंगारवाल्याला नको म्हणून सांग," तो उठत, आवाज ऐकून दारात आलेल्या भाच्याला म्हणाला. "बुश टाकतो. आवाजही जाईल, टायरही टिकेल."

"आणि आईने रोज तसंच चढवलं तर?"

ताई पायरीकडे बघत होती. "म्हणजे आता इथे लावायची नाही का रे?"

ज्योतिषी कपडे झटकत म्हणाला, "लाव की, ताई. पायरीला मी सिमेंटचा उतार करून देतो. पण हळू चढव, दाजींसारखी नको. ते गाडी लावायचे कुठे, घरावर चाल करून जायचे!"