तंबूतली प्रीत

निजामाच्या राज्यात परळीच्या जत्रेला मुक्या सिनेमाचा तंबू यायचा. पडद्यापुढं पुरुष बसायचे आणि मागं आम्ही बायका. मागून दिसावं म्हणून पडदा पाण्यानं भिजवायचे. सिनेमा देवाचा असो की तलवारबाजीचा, त्यात एक प्रेमाची जोडी ठरलेलीच.

एकदा मी वडलांना विचारलं, "दादा, लढाईत ही भानगड कावून घालतेत?"

"त्याबिगर लोक येत न्हाईत," ते म्हणाले.

खरंच होतं ते. 'लग्न करीन तर याच्याशीच,' असं राजकन्येनं बापाला सुनावल्याचं पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या माणसानं ओरडून सांगितलं, तेव्हा पुढून सगळ्यात मोठी 'वाहवा' आमच्या दादांचीच आली. परक्या पोरीची हिंमत त्यांना लई गोड लागायची. त्याच महिन्यात थोरल्या ताईनं म्हाताऱ्या बिजवराला नको म्हटलं, तर त्यांनी तिला बैलाच्या चाबकानं फोडून काढलं आणि त्याच्याच गळ्यात बांधलं.

पुढच्या जत्रेला ताई सासरहून आली. आम्ही पडद्यामागं बसलो. जोडी बागेत शिरली तशी ताईनं तोंडावर पदर ओढला आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं.

"मारामारी आली की उठव," म्हणाली.