दारावर जाताना काढायचा खोका

आमच्या घरात टीव्ही आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. स्वयंपाकघर सासूबाईंचं. गाडी माझ्या पगाराची, पण म्हणून ती माझी होती असं नाही. कळसाडीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, मुलगी बघायला जायचं असो, सगळी भाऊबंदकी हक्काने "मास्तरीननी गाडी"त येऊन बसायची. शेवटी मी ठरवलं, निदान डिकी तरी माझी. आणि डिकीत सबवूफर बसवला.

चाळिशी उलटलेल्या, झेडपीच्या शाळेत पाढे शिकवणाऱ्या बाईच्या गाडीत एवढा मोठा खोका बघून लोक हमखास विचारायचे, "मुलाने बसवला का?" मुलाला तो सहन होत नाही. तो कानात बोटं घालतो. मला मात्र शाळा सुटल्यावर उसाच्या शेतांमधल्या रस्त्याने, आरसा थरथरेपर्यंत गाणी लावून घरी यायला आवडतं. यापलीकडे कारण द्यायला मी कुणाला बांधील नाही.

आप्पांचा प्रश्न वेगळाच होता. ते म्हणाले, "हाऊ खोका गाडीमा शे, ते मी दारवर कसा जाऊ?"

कुणी गेलं की त्या घरी भेटायला जायचं, त्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. आप्पा आजूबाजूच्या गावांमधलं एकही दार चुकवत नाहीत. तिथे कुणाजवळ बसायचं, कधी उसासा टाकायचा आणि निघताना "येतो" न म्हणता कसं उठायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. अशा माणसाने मयतीच्या घरी हळदीला शोभेल असा खोका घेऊन कसं उतरायचं? त्यांनी अट घातली. दारावर जाताना खोका बाहेर काढायचा. आणि, "एकदाव जरी मन्ही मान खाले गई, खोका भंगारमा."

मी अट मान्य केली. पण सहज निघेल असा खोका बसवणं म्हणजे सहज पडेल असा खोका बसवणं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आधी खाली गोणपाट घातलं, तर खोका वळणावळणावर डिकीभर फिरायला लागला. मग दोन्ही बाजूंना विटा लावल्या. एका गतिरोधकावर खोका आणि विटा दोघांनी मिळून पपईचं क्रेट चिरडलं. मग बैलाच्या दाव्याने बांधला, तर गाठ सोडायला अर्धा तास. आप्पा दारावर जायला टोपी घालून ओट्यावर ताटकळत उभे, आणि मी डिकीत डोकं घालून दातांनी गाठ सोडतेय. त्या दिवशी आम्ही पोचेपर्यंत तिथला चहासुद्धा संपला होता.

शेवटी शहाद्याला सीट कव्हर शिवणाऱ्या चाचांकडे गेले. ते म्हणाले, पत्र्याला चार स्क्रू मारतो, जन्मात हलणार नाही. मी म्हटलं, जन्मात नको, दारावर जाताना निघाला पाहिजे. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खोक्याकडे, आणि इतके हसले की तोंडातली टाचणी खाली पडली. पण काम चोख केलं. डिकीच्या चार कोपऱ्यांत कड्या बसवल्या. ट्रकवाले माल आवळतात तसले पट्टे आणून त्यांना सीट बेल्टसारखी बक्कलं शिवली. वायरीत मधोमध प्लग घातला. खोक्याखाली घालायला गोठ्यातली रबरी चटई कापून आणा, असं त्यांनीच सुचवलं. म्हशीखालची चटई निघाल्यावर आप्पा म्हणाले, "मंग म्हैसच बसाड ना गाडीमा!" पण चार वेळा टकटक केलं की खोका मोकळा, आणि चार वेळा टकटक केलं की हलायचं नाव नाही. मी दोन्ही हातांनी ओढून बघितला. गाडी हलली, खोका नाही.

पुढे सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. आप्पांचे गुडघे तेवढे दुखायला लागले, म्हणून पहाटे शेतातली पाण्याची मोटार सुरू करायला ते माझीच गाडी न्यायचे. कधीकधी सकाळी शाळेला निघताना आवाजाचं बटण मी ठेवलं होतं त्याच्यापेक्षा बरंच पुढे गेलेलं असायचं. मला नवऱ्याचा संशय होता.

एक दिवस आप्पांचे डोळे दाखवायला आम्ही दोघं नंदुरबारला गेलो होतो. दवाखान्यातच फोन आला की विसरवाडीचे व्याही, म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे, गेले. आता घरी कळसाडीला जाऊन खोका काढून परत यायचं, तर मयत निघून गेली असती. सासूबाई, माझा नवरा आणि भाऊबंद गावातल्या जीपने परस्पर निघाले. आप्पा म्हणाले, खोका इथेच कुठेतरी ठेव. मी म्हटलं, डॉक्टरच्या दारात? मग मी टेप बंद केला, माझा फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि शब्द दिला की खोका हूं का चूं करणार नाही. आप्पा रस्ताभर वळून डिकीकडे बघत राहिले. मुलीच्या सासरचं दार होतं, तिथे मान खाली गेली तर ती त्यांची एकट्याची जाणार नव्हती.

विसरवाडीला जीप आधीच पोचली होती. अंगणात तिरडी बांधत होते. आप्पा उतरले, हात जोडून पुढे गेले, माणसांनी त्यांना वाट करून दिली. नणंद उंबऱ्यात रडत होती. तेवढ्यात एक जण काचेवर टकटक करून म्हणाला, "ताई, गाडी जराशी मांगे ल्या." मी किल्ली फिरवली.

त्याबरोबर टेप आपोआप सुरू झाला. जवळपास ओळखीचा फोन सापडला की तो स्वतःहून जोडून घेतो, आणि मागचं गाणं जिथे थांबलं असेल तिथून लावतो. गाणं हळदीत वाजवायचं होतं, नवरदेवाच्या मामाला नाचायला बोलावणारं. पहिला ठोका पडला तेव्हा मागची नंबरप्लेट खणखणली. दुसऱ्याला अंगणातला कुत्रा पळाला. मी घाबरून बटण फिरवलं ते उलट्या बाजूला, आवाज आणखी वाढला. चाचांचे पट्टे मात्र तसूभर हलले नाहीत, हे मी त्या गोंधळातही पाहिलं.

आणि टेपच्या पडद्यावर फोनचं नाव पाहिलं. तो फोन मीच घेऊन दिला होता, नावही मीच टाकलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'आप्पा'.

गाणं बंद झालं तोवर सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. आप्पांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. चेहरा पांढराफटक. गावोगावची दारं, सगळे उसासे, सगळा मान त्या एका खिशात होता. नणंद रडायची थांबून माझ्याकडे बघत होती. मी खाली उतरले आणि म्हटलं, "मन्हा फोन शे. मन्ही चूक शे. माफ करा."

"मास्तरीन शे म्हने," एक बाई मागून म्हणाली. आपलेच दात, आपलेच ओठ. मी पदर सारखा केला आणि बायकांमध्ये जाऊन बसले. त्या माझ्यापासून थोड्या लांब सरकून बसल्या.

मला वाटलं होतं, परतताना तरी आप्पा काही बोलतील. ते जीपमध्ये बसून गेले. गाडीत मी एकटी, आणि मला राग आला, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतका. सहा महिने खोक्याला नावं ठेवायची, पहाटे मोटारीच्या नावाखाली त्याच्यावर नाचगाणी ऐकायची, आणि वेळ आली की सुनेला पुढे करायचं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी कळसाडीला पोचले तेव्हा जीपमधली सगळी भाऊबंदकी आमच्या ओट्यावर होती. बाहेरच आंघोळी उरकून बसलेली, आणि विषय मीच. मी उतरायच्या आत नवरा म्हणाला, "तुनी आप्पाले मान खाले घालाले लाई. काढ तो खोका. सकाळे भंगारमा."

मी आप्पांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. अट त्यांची होती, शब्द माझा होता. मी डिकी उघडली. पहिलं बक्कल सोडलं. दुसरं सोडलं. तो टक् असा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा आप्पा उठले.

"सोडू नको, पोरी," ते म्हणाले. एरवी ते मला मास्तरीन म्हणायचे. "फोन मन्हा व्हता."

कुणालाच काही कळेना. नवरा म्हणाला, "आप्पा, तुम्ही कसाले तिले वाचाडतस?"

"तिनी माले वाचाडं," आप्पा म्हणाले. "फोन मन्हा, आनि गानं बी मन्हंच."

भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आप्पांनी ती स्वतः उघडली होती, आणि तीही ज्यांच्यापुढे जन्मभर झाकली त्यांच्यापुढे. दारात उभ्या असलेल्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माले मालूम व्हतं. मोटर चालू कराले इतला टाईम लागस का?"

आप्पा डिकीपाशी आले. सोडलेली दोन्ही बक्कलं त्यांनी लावली, न चाचपडता, न बघता. इतक्या सराईतपणे ती मलाही लावता येत नाहीत. मग पट्टा ओढून बघितला आणि घरात गेले.

व्याह्यांच्या दहाव्याला आम्ही खोका काढूनच गेलो. एक बाजू आप्पांनी धरली, एक मी. तिथे सगळ्यांसमोर त्यांनी नणंदेच्या नवऱ्यालाही खरं ते सांगितलं, आणि बायकांनी मला शेजारी जागा करून दिली. संध्याकाळी घरी आल्यावर आप्पांनी टोपी काढायच्या आधी खोका आत बसवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात गाडी नव्हती. मी चहा टाकत होते. कालव्याच्या बाजूने, उसाच्या पलीकडून, ठोके ऐकू यायला लागले, गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्यावर येतात तसे. गावातली कुत्री भुंकायला लागली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मी चहात आप्पांच्या वाटची साखर जरा जास्तच टाकली.