दोन सारख्या कळ्या

पहिल्यांदा आजार झाला तेव्हा मी देवावर रागावले नव्हते. स्तनातली गाठ काढली, केस गेले, पुन्हा आले ते विरळच, म्हणून डोक्याचा रुमाल राहिला, आणि खालापूरच्या आमच्या घरात पूर्वीसारखा माझाच आवाज चढू लागला. वाटलं, सुटलो. पण काही वर्षांनी तोच आजार हाडात उतरल्याचं कळलं आणि माझं देवाशी बोलणंच बंद झालं. दिवा लावायचे, उदबत्ती फिरवायचे, पण तोंडातून चकार शब्द नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, रुसलीस कोणावर?" मी म्हटलं, "ज्याच्यावर रुसायला हवं त्याच्यावरच." डॉक्टरांनी औषध सुरू करायला सांगितलं होतं, पण त्याने आजार किती काळ दबून राहील ते कोणी सांगेना. मला जगायचं होतं. साधी गोष्ट आहे, पण ती मोठ्याने म्हणायचीसुद्धा भीती वाटत होती.

अशात एकदा दहिवलीच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेले. मशीन बंद पडलं होतं, सगळे खोळंबले होते. मी कुरकुरत बाकावर बसले. शेजारी काळ्या बुरख्यातली, माझ्याच वयाची एक बाई पिशवीतून शेंगदाणे काढून खात होती. तिने मूठभर माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "डोक्याला रुमाल हाय, म्हंजे आपल्यातलीच का गं ताई?" मला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी फुटलं असेल. ती शमीमभाभी. तिचाही आजार उलटून आला होता. "मी ट्रायलमदी हाय," ती म्हणाली. "नवीन औषध जुन्यापरीस बरं हाय का, ते बघतात."

"म्हणजे आपल्यावर प्रयोग?"

"प्रयोगच. पण इचारून करतात. सगळं समजावतात. नाय म्हटलं तरी रागवत नाय, मदीच सोडलं तरी नेहमीचं औषध बंद करत नाय. तुमी आधी तुमच्या डॉक्टरला इचारा. आणि जुन्या गाठीचा मेणाचा ठोकळा घरात असंल तर घेऊन जा, नायतर हेलपाटा पडंल. लवकर जा पण. नवीन माणसं घ्यायची आता बंद होणार हाय."

माझ्या डॉक्टरांनी चौकशी केली. म्हणाले, तुम्ही त्यात बसू शकाल, जाऊन या. आता ठोकळा कुठे? ऑपरेशननंतर गाठीचा तुकडा मेणात बसवून त्यांनी आमच्या हातात दिला होता, एवढंच मला आठवत होतं. हे उठले आणि देवघराच्या खणातून, कापराच्या डबीमागून त्यांनी तो काढून आणला. म्हणाले, "तिथे कोणी हात लावत नाही ना." ज्या देवाशी मी बोलत नव्हते, त्याने इतकी वर्षं माझा आजार सांभाळून ठेवला होता.

ट्रायल मुंबईच्या ज्या रुग्णालयात होती तिथे तपासण्या झाल्या आणि मी ट्रायलमध्ये बसते असं निघालं. मुलीसारखी तरुण डॉक्टर होती, तिने शांतपणे समजावलं. दोन गट. दोघांनाही नेहमीचं औषध, पण एका गटाला सोबत नवीन गोळी. कोण कुठल्या गटात जाईल ते डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो. तिने कागद हातात दिले, घरी जा, सगळ्यांशी बोला, मग या म्हणाली. माझं डोकंच फिरलं. माझा जीव, आणि तो काय नाणं उडवल्यासारखा ठरवायचा? शमीमभाभीला गोळीचा गट मिळाला होता. मग मला का नको? पुढच्या खेपेला मी घरचा फणस घेऊन गेले, चांगला कापा जातीचा, आणि तिला म्हटलं, "बाई, जरा बघा ना माझ्याकडे." ती हसली. "मावशी, मी फणस खाईन हो, पण कॉम्प्युटर नाही खाणार." फणसही तिने घेतला नाही. आम्ही तो तसाच परत आणला, हे वाटभर खांदा चोळत होते.

सहीला अजून अवकाश होता. मी माहेरी गेले, कोंडाण्याला. आता देवालाच विचारू म्हटलं. बोलत नसले तरी कौल लावायला काय हरकत आहे.

आमचे बाबा तिथल्या बहिरी देवाचे गुरव. गावात लग्न ठरवायचं असो, विहिरीची जागा धरायची असो, माणसं बाबांकडे यायची. शेंदराच्या त्या पाषाणाला बाबा दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायचे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळ्या आणायचं काम माझं. देवळामागच्या तगरीच्या झाडाखाली मी परकर खोचून टाचा उंच करायची, पहाटेचं दव बाहीतून आत उतरायचं, आणि डोंगरावरून येणारा गारवा अजून मला अंगावर आठवतो. मी घाईने कशाही कळ्या खुडून नेल्या की बाबा हातावर तोलून बघत आणि परत पाठवत. "दोनी सारख्या आण गं पोरी. एक जड, एक हलकी लावली तर तो कौल नाय, ती लबाडी." एकदा मी वैतागून एकच कळी नेली. तेव्हा बाबा रागावले नाहीत, मला जवळ बसवून म्हणाले, "एक लावली तर नुसतं फूल वाहिलं. कौलाला दोन लागतात." आणि विचारणाऱ्याला ते आधी मोठ्याने म्हणायला लावत, "देवा, उजवा दिलास तरी तुझा, डावा दिलास तरी तुझा." ते म्हटल्याशिवाय कळीला हात नाही. कोणी डाव्या कौलावर पुन्हा विचारू लागला, की बाबा तांब्या उचलून चालू लागत. "देवाला इचारतोस का देवाला शिकवतोस रं?" असं जाता जाता म्हणत. त्यांच्या अंगाला कापराचा नि ओल्या मातीचा वास यायचा. तो वास मला कुठेतरी पुन्हा यावा असं फार वाटतं.

आता बाबांच्या जागी माझा धाकटा भाऊ आहे. मी दोन कळ्या आणल्या. हात आपोआप सारख्या शोधत होते. भाऊ म्हणाला, "ताई, म्हण."

मला म्हणता येईना. "उजवा दिलास तरी तुझा" एवढं झटकन आलं. पुढे 'डावा' म्हणायच्या आधीच थांबले. भावाने घाई केली नाही, नारळ मांडीवर घेऊन तो बसून राहिला. मला रडू आलं ते बाबांच्या आठवणीने की भीतीने, सांगता येत नाही. खूप वेळाने मी पदराने तोंड पुसलं आणि पुरतं म्हटलं. म्हटलं आणि छाती मोकळी झाली. किती महिन्यांनी देवाशी बोलले होते. भावाने कळीला हात घातला तशी मी त्याला थांबवलं. "राहू दे रे. कौल तिकडे लागणार आहे. हे म्हणायचं तेवढं राहिलं होतं."

सही केली. कॉम्प्युटरने मला बिनगोळीचा गट दिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवले नाही. शमीमभाभीचा फोन आला. मी म्हटलं, "डावा आला गं." तिला कौलाचं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग डावा तर डावा. औषध तर मिळतंय ना? अल्ला बघून घेईल, तुझा बहिरी हायच." मी पुन्हा विचारलं नाही.

माझा आजार आज दबलेला आहे. त्या जुन्या, नेहमीच्या औषधाने. शमीमभाभीला नवीन गोळी काही काळ चांगली लागू पडली, मग आजार वरचढ झाला. शेवटी शेवटी मी दहिवलीला तिच्याकडे जायची. एकदा तिचा हात धरून रडले. म्हटलं, "मला तुझ्या गोळीचा हेवा वाटला होता गं." ती थकली होती, तरी हसली. "रडतेस कशाला? तुझं बघतील, माझं बघतील, दोनी मिळून त्यांना कळंल. मागनं येणारीला बरं पडंल." तिला बाबा ठाऊक नव्हते. तरी ते बाबांचंच बोलणं होतं, कौलाला दोन लागतात.

ती गेली. मी का राहिले, मला ठाऊक नाही, आणि मी विचारतही नाही. लॅबमधलं मशीन त्या दिवशी बंद पडलं नसतं तर ती मला भेटलीही नसती, एवढं मात्र रोज आठवतं. आता मी देवाशी बोलते, जरा जास्तच बोलते असं हे म्हणतात. अंगणात तगर लावली आहे. सकाळी तिच्या दोन सारख्या कळ्या शोधते, हातावर तोलते आणि देवापुढे शेजारी शेजारी ठेवते. एक माझी, एक शमीमची. उजवी कुठली, डावी कुठली, ते मी बघत नाही.