विमलताईंच्या खानावळीतला सुलटा पेला

विमलताईंची पंच्याहत्तरी साजरी करायची आणि त्यानिमित्ताने अंक काढायचा, असं आपल्या सरावलीच्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "किती कागद लागेल?" अंक निघालाय ताई, आता गप्प बसा. संपादकांनी मला आदरपूर्वक लिहायला बजावलं आहे. आदर पोटभर आहे, पण मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलायला शिकलेली बाई. तिथे कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझी त्यांची पहिली ओळख ताटावर झाली. यजमानांना तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सातारा जिल्ह्यातून इथे राहायला आलो. मलाही हाताला काम हवं होतं. खानावळीत बाई हवी आहे असं शेजारणीने सांगितलं म्हणून मी गेले. ताईंनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाल्या, "आधी जेव. उपाशी माणसाशी मी कामाचं बोलत नाही." मी नको नको म्हणत होते आणि त्या वाढत होत्या. तो भात काही मला संपेना, आणि पहिल्याच दिवशी ताटात टाकायची लाज वाटत होती. शेवटी ताईच म्हणाल्या, "राहू दे गं, मागे पिंप आहे."

त्या काळी ताईंचा नियम साधा होता. खानावळीतून कुणी अर्धपोटी जाता कामा नये, आणि टोपाचा तळ कुणाला दिसता कामा नये. टोपाचा तळ दिसला की खानावळीची अब्रू गेली! कुंभवलीकडच्या कारखान्यांतून तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायला यायची. कोण ओव्हरटाइमला थांबलं, कोण गावाला गेलं, कुणाचं पोट बिघडलं, आम्हाला काही पत्ता नसे. मग सगळे येणार असं धरून भात चढवायचा आणि उरला की पिंपात टाकायचा. कचरागाडी कधी यायची, कधी यायची नाही. उन्हाळ्यात त्या पिंपाजवळून जाताना पदर नाकाला लावावा लागे.

मासळी आणायच्या दांडी गावच्या जानकीबाई आणि रानभाजी आणायच्या डोंगराकडच्या सोनीबाई. एका सकाळी दोघी मागच्या पायरीवर चहा पीत बसल्या होत्या. जानकीबाई म्हणाल्या, "दर्या तापलाय, ताय. मावरं लांब गेलं. बोटी किती आत जातात, तरी टोपली भरत नाय." सोनीबाईंनी बशी खाली ठेवली. "आमचा पन तसाच हाय. पावसाचा काय खरा नाय ऱ्हायला. आमी पेरून बसतो नि तो येतच नाय."

ताई ऐकत होत्या आणि पिंपाकडे बघत होत्या. जेवायला येणाऱ्या एका तरुण इंजिनियरनी त्यांना मागे सांगितलं होतं की अन्न सडलं की त्यातून वायू निघतो आणि तो हवा तापवतो. तेव्हा ताईंनी "हो का?" म्हणून त्यांना आमटी वाढली होती. त्या सकाळी मात्र त्या म्हणाल्या, "सुलभा, या दोघींच्या जिवावर आपली खानावळ चालते. आणि यांचा दर्या, यांचा पाऊस बिघडवायला आपलं पिंप हातभार लावतंय."

मी म्हटलं, "अहो ताई, एवढाले कारखाने सोडून तुम्हाला आपलं पिंपच बरं दिसलं!"

"कारखाना माझा नाही. पिंप माझं आहे," ताई म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

पुढे त्यांनी आम्हाला जे छळलं, ते काय सांगू! डाळ आदल्या दिवशी भिजलीच पाहिजे. पातेल्यावर झाकण नसलं की ताई दारातूनच खाकरायच्या. एकदा त्यांनी घरातली जुनी गोधडी आणली, लाकडी खोक्यात अंथरली आणि उकळी आलेलं मुगाचं पातेलं त्यात गुंडाळून ठेवलं. मी पोट धरून हसले. दुपारी पातेलं उघडलं तर मूग मऊसूत, आणि गॅस कधीचा बंद! मग सालं, देठं आणि खरकटं जिरवायला मागे बायोगॅसची टाकी आली, आणि सकाळचा चहा तिच्यावर व्हायला लागला. पहिल्या दिवशी त्या चहाला कुणी तोंड लावेना. ताईंनी सगळ्यांसमोर स्वतः दोन कप घेतले.

लांबून ट्रकने येणारी कोबी-फ्लॉवर कमी झाली. सोनीबाई आणतील ती भाजी करायची, जानकीबाईंच्या टोपलीत असेल ती मासळी घ्यायची. "पापलेट नाय, ताय, बोंबील हायेत," असं त्या म्हणाल्या की त्या दिवशी बोंबील. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की सुकट. कुरकुर झाली, नाही कशी? पण ताईंच्या हातच्या सुकटीच्या चटणीपुढे कुरकुर फार टिकत नाही.

यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ताई रोज पेज घेऊन बोईसरच्या दवाखान्यात यायच्या. डबा परत नेताना उघडून बघायच्या. उरलेलं दिसलं तर एका शब्दाने बोलायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी तेवढीच पेज कमी आणि तूप थोडं जास्त असायचं. यजमान अजून म्हणतात की डॉक्टरांपेक्षा ताईंना माझ्या पोटाची जास्त खबर होती.

एवढं करूनही भात उरतच होता, कारण कोण येणार हेच कळत नव्हतं. तेव्हा ताईंनी पेल्यांची युक्ती काढली. जेवणाऱ्या प्रत्येकाला नाव कोरलेला स्टीलचा पेला दिला. भिंतीला प्रत्येक पाळीची वेगळी फळी ठोकली. जेवून उठताना आपला पेला आपण विसळायचा आणि फळीवर ठेवायचा. पुढच्या जेवणाला येणार असाल तर सुलटा, नसाल तर पालथा. आम्ही सुलटे पेले बघून तांदूळ घ्यायचे. इतकं सोपं! दुबेजी नावाचे आमचे जुने जेवणारे, बिहारचे, पहिल्या पाळीचे. ते आधी चिडवायचे, "ताई, अब खाने की भी हाजिरी?" पण महिनाभरात नवीन माणसाला पेला कसा ठेवायचा हे तेच शिकवायला लागले. पिंपाचा तळ दिसू लागला.

आणि एक दिवस घोटाळा झाला. ताईंना सकाळी फळीवर धूळ दिसली. पहिल्या पाळीचे सगळे पेले त्यांनी उतरवले, चिंचेने लख्ख घासले, फळी पुसली आणि पेले परत मांडले. आपल्यात धुतलेला पेला कुणी सुलटा ठेवतं का? जन्मभराचा हात. सगळे पेले पालथे! कारखान्यात एक भाग दुरुस्तीसाठी बंद राहणार अशी कुजबुज होतीच. मी फळी बघितली, मनात म्हटलं आज पहिली पाळी येत नाही, आणि बाकीच्यांपुरताच भात टाकला.

दुपारी पाळी सुटली आणि सगळीच्या सगळी माणसं दारात उभी राहिली. सकाळपासून राबलेली, भुकेने चेहरे उतरलेले. टोप उघडला तर तळ. दुबेजी फळीकडे बघत राहिले. "ये क्या, ताई? हमारा सबका नाम काट दिया?" मागून कुणीतरी म्हणालं, "आधीचंच बरं होतं. उद्यापासून नाक्यावर जेवू."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाल्या, "पेले मी पालथे घातले. चूक माझी आहे." मग माझ्याकडे वळल्या. "सुलभा, उद्यापासून टोप भरून चढव. माझ्या दारात माणूस उपाशी उभा राहिला. आता मला हवेची काळजी नको आणि पिंपाची नको." त्यांचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं सगळं संपलं. जानकीबाईंना, सोनीबाईंना उद्या काय सांगायचं?

कुणीही गेलं नाही. दुबेजींनी बाह्या सारल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. दोघांनी कांदे चिरले, कुणी सुकट भाजली. भात शिजेपर्यंत खानावळभर असा काही गोंगाट चालला होता की कुणाच्या घरी लग्न आहे असं वाटावं. पंगत बसली. दुबेजी स्वतः वाढत होते. शेवटी ते ताईंसमोर थांबले.

"ताई, आपका गिलास किधर है?"

ताई म्हणाल्या, "मी नंतर जेवते. तुम्ही घ्या."

"नहीं, फळी पे किधर है?"

ताई उगाच टोपावरचं झाकण सारखं करायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्या नावाचा पेला नव्हताच! मोजून शिजवायला लागल्यापासून कुणी न सांगता आलं, कुणी पाहुणा आणला, की त्याच्या ताटात ताईंचा भात जात होता. आणि आम्हाला सांगायचं, "मी जेवले बाई मघाशी." मी रोज त्यांच्या शेजारी उभी, आणि मला पत्ता नाही! असा संताप आला मला. मी सगळ्यांदेखत ओरडले, "ताई, लबाड आहात तुम्ही! दर्याची काळजी, पावसाची काळजी, आणि स्वतःच्या पोटाला फसवता?"

दुबेजी शांतपणे म्हणाले, "ताई, गिलास का नियम गलत नहीं है. आप भूखी रहती हो, वो गलत है." आणि पहिलं वाढलेलं ताट उचलून त्यांनी ताईंपुढे ठेवलं. त्या जेवायला लागेपर्यंत पंगतीत एकानेही घास उचलला नाही.

नियम त्याच पंगतीत दुरुस्त झाला. कुणाच्या पेल्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि ताईंनी तर स्वतःचा पेला ठेवण्यापुरतं सोडून फळीकडे फिरकायचंसुद्धा नाही. न सांगता येणाऱ्यासाठी एक पेला कायम सुलटा. आणि सगळ्यात आधी, वरच्या फळीवर, 'विमलताई' असं कोरलेला एक पेला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर जेवायला कुणीही गेलं नाही. आता नाक्यावरच्याच दोन खानावळींनी अशा फळ्या ठोकल्या आहेत, आणि आमच्या पिंपात पावसाचं पाणी साठतं. जानकीबाईंचा दर्या एवढ्याने थंड होणार नाही, हे ताईंना कळतं. तरी त्या रोज झाकणं तपासतात.

ताई, एवढे लोक आज तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील. माझं मागणं एवढंच आहे. रोज सकाळी तांदूळ घेण्याआधी मी वरच्या फळीकडे बघते, आणि तुमचा पेला सुलटा दिसला की मगच माप भरते. माझे हात चालतात तोवर एकही सकाळ अशी उजाडू नये की तो मला पालथा दिसेल.